जमिनीवरचं चाक

कसाल, १८ जानेवारी २०२५

चि. कौस्तुभ,

जपानहून सुट्टीवर आलेला शिरोड्याचा प्रीतम काल तू पाठवलेला डिफरेन्शियलचा गोळा देऊन गेला. टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेतून आणला बिचाऱ्याने. विमानतळावर त्याला बाजूला घेऊन चौकशी केली म्हणे. तुझ्या मामीला वाटलं भाच्याने जपानी मिक्सर पाठवला, म्हणून तिने घाईने टॉवेल सोडला, आणि मग जे तोंड वाकडं केलं ते अजून सरळ व्हायचं आहे. "ह्यां काय खावचां काय?" म्हणाली. मी म्हटलं, हे गाडी खाणार.

गोळा हातात घेतला तेव्हाच कळलं, वस्तू मोठ्या घरची आहे. तू जपानात इंजिनं खोलतोस म्हणून नुसतं ऐकत होतो, आता पटलं की तिथल्या बाजारावरही डोळा ठेवून असतोस. तुझे वडील, आमचे भावोजी, ही लाल गाडी वास्को बंदरातून घेऊन आले त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं होतं: दाजी, ही गाडी आपल्या घरापुढच्या खळ्यात उभी राहिली पाहिजे. आणि गाडीचं एकच म्हणणं: गॅरेजपासून घरापर्यंतची घाटी चढणार नाही. उन्हाळ्यात कशीबशी वर यायची. पाऊस लागला, जांभ्या दगडावर शेवाळ धरलं, की एक चाक जागच्या जागी गरगरायचं आणि दुसरं सरकारी नोकरासारखं बसून राहायचं. भावोजी गेले, पाठोपाठ तुझी आई गेली, गाडी राहिली खाली गॅरेजमध्ये. आता चढेल.

फोन करू नको. फोनवर मला आता नुसती समुद्राची गाज ऐकू येते. समोर मामीचं बोलणं तेवढं ओठांवरून कळतं. व्हॉट्सअपची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. कागदावर लिही आणि मोठं लिही.

बहिरा झालो म्हणून काम अडलेलं नाही. तपासणीची रीत तीच. एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, पहिला गिअर. तू गेल्यापासून पेडलवर मामी बसते. उचललेलं चाक फिरतं, जमिनीवरचं गप्प राहतं. पूर्वी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचो, आता गाडीखाली सरकून डिफरेन्शियलच्या लोखंडी हाउसिंगवर उजवा तळहात ठेवतो. बेअरिंग बिघडलेलं असलं की हाताला कळतं. कान गेले, पण हाताला अजून ऐकू येतं.

असला महागडा गोळा गाडीला कोण पाठवतो, हे मला कळत नाही असं समजू नको. ज्याला गाडी चालवायची असते तोच पाठवतो. गणपतीच्या चवथीला तू येशील, पाऊस असेल, आणि तू स्टिअरिंगवर बसून गाडी खळ्यात आणशील. गॅरेजवर पाटी नवी करायची आहे. ती मात्र तू आल्यावर, नाव काय घालायचं ते ठरवून.

तुझा,
दाजीमामा

*

इमाबारी, ९ फेब्रुवारी २०२५

ती. दाजीमामा,

तुमचं पत्र वाचून दिवसभर हसत होतो. इथल्या मंडळींना सरकारी नोकराची गंमत समजावून सांगितली, त्यांना काही कळली नाही.

गोळा कसा चालतो ते थोडक्यात लिहितो. आपल्या जुन्या डिफरेन्शियलमध्ये मागच्या दोन चाकांत ताकद वाटताना जे चाक घसरतं त्यालाच ती जाते. या नव्यात क्लचप्लेटसारख्या चकत्यांचा जुडगा आहे. तो दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवतो. एक चाक शेवाळावर रिकामं फिरायला लागलं तरी दुसरं सोडून देत नाही, तेही ओढतं. वळताना मात्र थोडी सूट देतो. हाउसिंग जुनंच राहील, क्राउन-पिनियनची दातेरी चाकं जुनीच, फक्त आतला गोळा बदलायचा. दातांमधला खेळ नीट लावावा लागेल, ते तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही. तेल या चकत्यांसाठीचं वेगळं येतं. गोव्यात मिळेल, दुकानदाराला हा कागद दाखवा, मी खाली नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

चवथीचं बघू. इथे सध्या काम खूप आहे. पाटीची घाई करू नका.

मामींना नमस्कार. पुढच्या वेळी खरंच मिक्सर पाठवतो.

तुमचा,
कौस्तुभ

*

कसाल, ४ मार्च २०२५

चि. कौस्तुभ,

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. मंगेश बाजारात जातो आहे, त्याच्याकडे टाकायला देईन. मंगेश म्हणजे खालच्या वाडीतला, आपल्याकडे नारळ पाडायला यायचा त्या आबाचा मुलगा. आता रिक्षा चालवतो.

तुझ्या पत्रातलं "बघू" मी वाचलं. ह्यांनी ते वाचलंच नाही. ज्यांना वाचायचं नसतं त्यांच्या डोळ्यांना बरोबर तेवढीच ओळ दिसत नाही. वर्षभर हा माणूस काथ्याच्या खाटेवर पडून छपराकडे बघत होता. कान गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं. बोललेलं कळत नाही, मग एक सांगावं तर हे दुसरंच खोलून ठेवायचे. गोळा आल्यापासून सकाळी उठून दाढी करतात. मागचं अख्खं यंत्र गाडीखालून काढून पाटावर मांडलं आहे. देवळातून शेंदूर मागून आणला. पुजाऱ्याला वाटलं नवस फेडायचा आहे. तो शेंदूर तेलात कालवून दातांना लावतात, हाताने फिरवतात आणि कुठे ठसा उठला ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसतात. परवा जेवताना तुला मुलगाच धरून मला म्हणाले, "गो, झील इलो काय त्येका वरची खोली देवया." मी म्हटलं, देवया.

तेव्हा मला सरळ सांग. तू परत येणार आहेस की नाही? चवथीच्या सुट्टीचं विचारत नाही. कायमचं विचारते. नसशील येणार तर नसू दे, आम्ही काही मरत नाही. पण ह्यांच्या मनात इमले चढत चालले आहेत आणि ते मला रोज बघावे लागतात.

तुझी मामी,
सावित्री

*

इमाबारी, २५ मार्च २०२५

ती. मामी,

तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहितो. मी परत येणार नाही. इथे कायम राहायचा परवाना मिळाला. घर घेतलं. दीपिका म्हणून एक मुलगी आहे, रत्नागिरीची, इथेच शिकवते. आम्ही लग्न करणार आहोत आणि तिलाही इथेच राहायचं आहे. गॅरेज चालवणं माझ्याने होणार नाही, मामी. नऊ वर्षांत मी एकदाही जमिनीवर पाठ टेकून काम केलेलं नाही. इथे अख्खी गाडी बटणावर वर जाते आणि आम्ही उभे राहून खालून बघतो.

गोळा मी पाठवला तो बाबांची इच्छा राहिली होती म्हणून, आणि मामांना हाताला काही काम मिळावं म्हणून. त्याचा असा अर्थ लागेल हे डोक्यात आलं नाही.

तुम्हीच त्यांना हळूहळू सांगाल का? माझ्या अक्षरात वाचलं तर त्यांना जास्त लागेल.

तुमचा,
कौस्तुभ

*

कसाल, २० एप्रिल २०२५

चि. कौस्तुभ,

गोळा बसला. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत अशा गाडीत असा गोळा कोणी बसवला असेल तर त्याने येऊन मला भेटावं, मी त्याला चहा पाजतो. दातांचा ठसा बरोबर मध्यावर येईना. कधी टोकाला, कधी बुडाशी. पातळ पत्र्या कापून, घासून, काढून, घालून शेवटी आला. शेंदराचा लालभडक ठसा प्रत्येक दातावर एकसारखा. मामीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "बरो दिसता." तिच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळ समज.

तेल मंगेशने पणजीहून आणलं. गाडी गॅरेजच्या आवारात फिरवली. सरळ जाताना लोण्यासारखी. पण हळू वळवली की मागून सीटला हादरे बसतात. मामी म्हणते आवाजही येतो, "कुत्रो हाड फोडता तसो." मला आवाज नाही, हादराच तेवढा कळतो. हे चकत्यांचं नेहमीचं आहे की माझं कुठे चुकलं? घाटी चढवण्याआधी आपली नेहमीची तपासणी करून हात लावून बघायचं म्हणतो. पण वस्तू नवी आहे, आतून कशी वागते ते मी पूर्वी बघितलेलं नाही. ट्रकचा दोन्ही चाकं जखडणारा लॉक मला माहीत आहे, तो आपण लावू तेव्हा लागतो. हा स्वतःच्या मनाने लागतो. तेव्हा तपासताना काही वेगळं करायचं असलं तर लिही. विचारायला मला कमीपणा वाटत नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय हात घालत नाही.

मामी हल्ली जेवताना मध्येच काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि "मीठ होया काय" विचारते. आमटी खारट असली तरी विचारते. तुमचं दोघांचं काही शिजत असलं तर मला कळू दे. चवथीला अचानक येऊन उभा राहणार असशील तर राहा, मी माहीत नसल्याचं नाटक करीन.

तुझा,
दाजीमामा

*

इमाबारी, ११ मे २०२५

ती. दाजीमामा,

हे पत्र मी पुन्हा पुन्हा लिहून फाडलं. मामींनी तुम्हाला सांगावं असं मी त्यांना विनवलं होतं. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यांच्याने झालं नाही, आणि ते त्यांचं कामही नव्हतं.

मामा, मी कसालला परत येणार नाही. या चवथीलाही नाही. इथे घर घेतलं आहे, लग्न ठरवलं आहे. गॅरेजची पाटी नवी करायचीच असेल तर तुमच्याच नावाने करा. आईबाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, पाना हातात धरायला शिकवलंत, त्याच्यावरच मी इथे जगतो आहे. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मी येणार नाही. याहून बऱ्या शब्दांत कसं लिहायचं ते मला येत नाही. रागावा, पण जेवण सोडू नका.

गाडीचं विचारलंत. हादरे आणि आवाज चकत्यांचेच आहेत, नव्या असताना होतात, तुमचं काही चुकलेलं नाही. थोडी चालली की तेल एकदा बदला. तपासणीचं म्हणाल तर तुम्हाला मी काय सांगणार? इतक्या लांबून उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही. नेहमी करता तसंच करा.

दीपिकाने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे.

तुमचा,
कौस्तुभ

*

कसाल, ३० मे २०२५

चि. कौस्तुभ,

पत्र मिळालं. वाचलं.

रागावण्यासारखं काही नाही. झाड लावणाऱ्याने फांदी कुठल्या बाजूला जावी हे ठरवायचं नसतं. दीपिकाला आशीर्वाद. रत्नागिरीची म्हणजे आंब्याच्या बाबतीत हट्टी असेल, सांभाळ.

मामीने तुझं पत्र माझ्याआधी वाचलं होतं, पाकीट नीट चिकटवता आलं नाही तिला. मी नवं असल्यासारखं उघडलं. ती दिवसभर स्वयंपाकघरात भांडी घासत होती, घासलेलीच. संध्याकाळी मी म्हटलं, गाडीचं काम संपवूया, अर्धं काम टाकून पाऊस आत घेतलेला बरा नाही. ती म्हणाली, "आता कोणासाठी?" मी म्हटलं, गाडीसाठी.

खोटं कशाला लिहू. पाटावर ते यंत्र मांडलं होतं तेव्हा मी प्रत्येक पत्री तुझ्या नावाने घासली होती. आता ती आत गेली आहे आणि तेलात बुडाली आहे. काढून घेता येत नाही.

नेहमीप्रमाणे करा म्हणतोस, तसंच करतो. उद्या चाक उचलतो. तुझं पत्र आलं, आता थांबायचं कारण नाही.

दाजीमामा

*

कसाल, १० जुलै २०२५

चि. कौस्तुभ,

तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतास कसं झालं, आणि मला बोलता येत नव्हतं. आता लिहिते. लिहिताना निदान रडू मध्ये येत नाही.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी उजवं चाक जॅकवर घेतलं. डावं जमिनीवर. त्याच्यापुढे नेहमीचा दगड लावला. मी सीटवर बसले. हे पाठीवर पडून आत सरकले, मला फक्त पाय दिसत होते. डाव्या पायाचा अंगठा हलवला की मी सुरू करायचं, ही आमची खूण. अंगठा हलला. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, पाय टेकवला. दर वेळी जेवढा टेकवते तेवढाच. निदान मला तसं वाटतं. आणि गाडी एकदम पुढे गेली, कोणी मागून ढकलल्यासारखी. दगड चढली, जॅक पडला, गाडी खाली बसली. मी ब्रेक मारला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. हे ओरडले नाहीत. मीच ओरडत होते.

मंगेश आणि रस्त्यावरच्या लोकांनी गाडी उचलून धरली. छाती वाचली, उजवा हात खाली आला होता. आधी ओरोसच्या इस्पितळात नेलं, तिथून गोव्याला. डॉक्टरांनी मनगटाच्या वरून काढला. हे इस्पितळाचं तेवढं तुला फोनवर सांगितलंच आहे.

आता घरी आहेत. डाव्या हाताने जेवतात, सांडतं, मी भरवायला गेले तर तोंड फिरवतात. रागावून नाही, लाजून. परवा म्हणाले, "माका आता कायच ऐकाक येणा नाय गो." मला कळलं ते कशाचं म्हणतात.

वाडीतले लोक येतात, बसतात, चहा पितात आणि जाताना एकमेकांत बोलतात की बाईमाणसाला पेडलवर कशाला बसवायचं. ह्यांना ते ऐकू येत नाही, मला येतं. हे म्हणतात तुझा पाय चुकला नाही, गाडीचाच दोष होता. ते मला सांभाळून घेतात. संसारभर सांभाळूनच घेतलं. पण मी आदल्या दिवशी तुझं पत्र वाचून चिडले होते. तुझ्यावर चिडले होते. तो राग पायात उतरला असेल का? रोज मी खाटेच्या कडेला बसून पाय जमिनीवर टेकवून बघते, किती दाबला होता ते आठवतं का म्हणून. आठवत नाही.

तुला यंत्रातलं कळतं. तू सांग, माझा पाय चुकला का? तू सांगशील ते मी खरं धरीन.

सावित्री

*

कसाल, ३ ऑगस्ट २०२५

चि. कौस्तुभ,

अक्षर बघून हसलास तरी चालेल. डावा हात म्हातारपणी शाळेत घातला आहे. सावित्री बाजारात गेली आहे, तेवढ्यात लिहितो. म्हणून थोडक्यात.

मी गाडीखालून निघतानाच ओळखलं होतं. पुढे दगडही बघितला. त्याच्यावर रबराचा काळा पट्टा आहे. म्हणजे जमिनीवरचं चाक फिरलं. इतकी वर्षं ते गप्प बसायचं, त्याच्या भरवशावर मी खाली झोपायचो. तुझ्या गोळ्याने त्याला जागं केलं. एक रिकामं फिरायला लागलं तर दुसरं ओढणार, हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. मी वाचलं होतं. घाटीसाठी वाचलं, जॅकसाठी वाचलं नाही. दोन्ही चाकं उचलायला हवी होती. एवढंच होतं.

तू नेहमीप्रमाणे करा म्हणालास, ते मानाने म्हणालास. मामाला काय शिकवायचं, असं वाटलं असणार. तिकडे अख्खी गाडी वर जाते, आमच्याकडे एकच जॅक आहे हे विसरला असशील. मी तुला दोष देत नाही, आणि हे मी वरवरचं लिहीत नाही.

पण सावित्री खंगत चालली आहे. ती जेवत नाही. मी सांगतो पाय चुकला नाही, गाडीने ओढली, तर तिला वाटतं मी बायकोला पाठीशी घालतो. माझं सांगणं तिच्याकडे चालत नाही. तुझं चालेल. तू तिला एवढंच लिही: नवा गोळा असा असतो की एक चाक उचलून गिअर टाकला तर जमिनीवरचं चाक गाडी पुढे नेतं. कोणीही पेडलवर असतं, कितीही हळू दाबलं असतं, तरी हेच झालं असतं. बस. मी तुला विचारलं होतं आणि तू काय लिहिलंस, हे घालू नको. तुझी पत्रं माझ्याकडे आहेत, शेवटच्या पत्रातलं तुझ्या लग्नाचं तेवढं तिने वाचलं, गाडीचं तिला कुठे कळतं. ती तुझ्यावर रागावणार नाही याची काळजी मी घेतो.

हात गेला तो गेला. बायको जाऊ नये एवढंच मागतो. चार ओळींचं काम आहे.

दाजीमामा

*

इमाबारी, २२ ऑगस्ट २०२५

ती. मामी,

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कामाची गडबड होती. इथे उकाडा फार आहे. चवथ जवळ आली, या दिवसांत तुमच्या हातच्या पातोळ्यांची आठवण येते.

तुम्ही विचारलंत त्यावर मी विचार केला. मामी, जॅक सरकला असणार. जुना जॅक, खाली लाल माती, पावसाच्या आधीची सर पडून गेलेली असेल. अशा वेळी जॅक सरकतो, कोणाच्याही हातून सरकतो. इथल्या माहीतगारांनाही मी विचारलं, त्यांचंही तेच मत पडलं. यात कोणाचीच चूक नाही. तुमची नाही आणि मामांचीही नाही. मनाला लावून घेऊ नका. जेवत जा.

मामांना नमस्कार. त्यांचंही पत्र मिळालं म्हणून सांगा. सवडीने उत्तर लिहितो.

तुमचा,
कौस्तुभ

*

कसाल, १४ सप्टेंबर २०२५

चि. कौस्तुभ,

तुझं पत्र चवथीनंतर मिळालं. गणपती साधेपणाने केला. आरतीला टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा हे उठून पडवीत गेले. मंगेशच्या बायकोने पातोळ्या करून आणल्या होत्या.

गॅरेजची शेड आता दुसऱ्या कोणाला दिली, म्हणून गाडी हलवावी लागली. मंगेश म्हणाला, वर आणून ठेवतो. पाऊस धरून होता आणि घाटीवर शेवाळ एवढं की मी स्वतः काठी घेऊन उतरते. मी म्हटलं, चढणार नाही. चढली. कुठेही न घसरता, न थांबता एका दमात वर आली आणि खळ्यात उभी राहिली. हे दारात उभे राहून मागच्या दोन्ही चाकांकडे बघत होते. तुझ्या बाबांनी बघायला हवं होतं. मंगेश उतरून म्हणाला, "दाजीनू, काम एकदम बेस जालाहा." ह्यांना ऐकू आलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही.

आता तुझ्या पत्राचं. हे म्हणतात गाडीचा दोष, नव्या गोळ्याने ओढली. तू म्हणतोस जॅक सरकला. दोघांचं काही जुळत नाही. माझ्यासाठी खोटं बोलायचं ठरवलंत ते मायेपोटी, एवढं कळतं मला. पण बोलण्याआधी एकमेकांना विचारून घ्यायचं होतं. ह्यांचं खरं असतं तर तूही तेच लिहिलं असतंस, यंत्रातलं तुला कळतं. आणि जॅक सरकला म्हणावं तर मी डोळ्यांनी बघितलं, आधी गाडी पुढे गेली, मग जॅक पडला. तेव्हा उरलं एकच. माझ्या मनात थोडी शंका होती, ती तुझ्या पत्राने फिटली. बरं झालं, रोज खाटेवर बसून आठवत बसायचं तरी संपलं. पाय माझाच चुकला.

ह्यांनी तुझं पत्र वाचायला मागितलं, मी दिलं. वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं. मग खळ्यात जाऊन गाडीत बसले, चालकाच्या शेजारच्या सीटवर. मी जेवायला बोलवायला गेले तर माझा हात धरून म्हणाले, "तुझो पाय नाय गो. खरांच नाय." रडत होते. माझ्यासाठी त्यांना अजून खोटं बोलावं लागतं याचंच मला वाईट वाटलं. मी म्हटलं, बरं, नाही. जेवायला चला.

मिक्सर पाठवू नको. वाटण मी पाट्यावरच करते. लग्नाचे फोटो पाठव, मोठे पाठव म्हणजे ह्यांना दिसतील. आणि आमची काळजी करून स्वतःचं मन खराब करून घेऊ नको. एवढ्या लांबून तू तरी काय करणार होतास.

तुझी मामी,
सावित्री